गयाबाईच्या लहान भाकऱ्या

परभणी जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीतल्या बायका पहिला प्रश्न विचारतात, "अगं बाई, तिथं काय बघायला गेली होतीस?" मी बघायला गेलेच नव्हते. मी दाखवायला गेले होते, आणि दाखवायची वस्तू म्हणजे मी स्वतः.

सांगते. माझा डावा स्तन कर्करोगापायी कापून काढलेला आहे. गाठ ओळखली ती सुलभाने, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने. ती डॉक्टर आहे. मी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत होते, तर तिने मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. म्हणून आज मी हे लिहायला आहे. तेव्हापासून ती रजा काढून खेडोपाडी बायकांना तपासायला निघाली की मला सोबत ओढते. म्हणते, "कुमे, मी तासभर घसा कोरडा केला तरी बायकांना पटत नाही. तू नुसती उभी राहा आणि सांग, मला झाला होता आणि मी जिवंत आहे. तुझं एवढं धडधाकट थोबाड बघितलं की पुरे." मैत्रीण असली म्हणजे काहीही बोलावं माणसानं! पण गेले.

जिंतूर

परभणीहून एस.टी.ने निघालो आणि अर्ध्या वाटेत टायर बसलं. सगळी गाडी खाली उतरून रस्त्याकडेला उभी राहिली. आमच्या कृष्णाकाठच्या डोळ्यांना जानेवारीत ऊस बघायची सवय. इथे दोन्ही बाजूंना काळी माती, वेचून झालेल्या पऱ्हाट्या आणि मध्येच ज्वारीचं हिरवं-पिवळं रान. जिंतूरच्या स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधाच्या घोषणा एकमेकींच्या अंगावर रंगवलेल्या होत्या, आणि त्याखाली दोन पोलीस बाकावर बसून चहा पीत होते. चहा आम्हीही घेतला. साखरेत चहा घातला होता म्हणायला हरकत नाही.

तिथे मंदा सिस्टर भेटल्या. उपकेंद्राच्या नर्स, जवळच्याच गावच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनीच सुलभाला पत्र पाठवून बोलावलं होतं, आणि का बोलावलं ते त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं.

"मॅडम, बाजारात एक वैदू बसतो. त्यानं मला सांगितलं. चारठाण्याच्या पुढच्या एका गावातनं एक म्हातारा गडी त्याच्याकडं लेप न्यायला येतो. म्हशीची कास दगडावानी झालीय म्हणून नेतो. वैदू म्हणला, बाई, म्हशीला एवढे महिने कोण लेप लावतंय? म्हस कवाच बाजारात गेली असती. हा लेप बाईमाणसाला चाललाय."

"कोणाच्या घरचा गडी?" सुलभाने विचारलं.

"तेच सांगत न्हाई ना तो. गावाचं नाव सांगतो, मालकाचं न्हाई. आन गावात मी कुणाला इचारू? छातीत गाठ हाय म्हणून कोण कबूल होईल? घरात लग्नाच्या पोरी असत्यात."

सुलभा म्हणाली, "गाठ बोटाखाली सरकत असेल तर बाई वाचते. कातडीला चिकटून फुटली की मग माझ्या हातात काही नाही. ती बाई शोधली पाहिजे, सिस्टर. याच फेरीत."

आता सगळ्या गावाच्या बायका एका जागी आणायच्या कशा, कुणाकडे बोट न दाखवता? तोड सिस्टरांनी काढली. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीला अवकाश होता. घरोघर हळदीकुंकू चालू होतंच. आपणच करायचं एक मोठं हळदीकुंकू, आणि वाण लुटायचं साबणाच्या वड्यांचं! बायका वाणाला येतात, तपासणीला येत नाहीत. मी तर तिथेच सिस्टरांना टाळी दिली. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवून गाठ कशी बघायची हे सांगायचंच होतं, त्याला साबणासारखं वाण कुठलं? जिंतूरच्या दुकानातून खोकं भरून वड्या घेतल्या आणि निघालो.

चारठाणा

पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून चारठाण्याची देवळं बघितली. गावात जिकडे जावं तिकडे जुना कोरीव दगड. एक उंच खांब तर असा उभा आहे की मान दुखेपर्यंत बघावं. कुठे गाभारा शाबूत, कुठे नुसता चौथरा, आणि त्यावर शेळ्या बसलेल्या. एका भिंतीवर एक दगडाची बाई होती. गळ्यात हार, कमरेला मेखला, नटूनथटून उभी. तिचा एक स्तन कधीतरी फुटून पडलेला. मी सुलभाला हाक मारून म्हटलं, "बघ गं, ही माझी बहीण. एवढी शतकं उभी आहे." सुलभा हसली नाही. तिच्या डोक्यात ती म्हशीचा लेप लावणारी बाई होती.

रंगनाथरावांचं घर

गावाचं नाव लिहीत नाही. सिस्टरांच्या ओळखीने उतरलो रंगनाथरावांकडे. बरी शेती, दारात बैलजोडी, बोलणं अघळपघळ. त्यांची बायको द्वारकाबाई म्हणजे सदा हसतमुख, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लेक सोनी लग्नाची, तिची सोयरीक जुळत आलेली. आणि चुलीपुढे रंगनाथरावांची विधवा भावजय, गयाबाई. उंच, वाळकी, पन्नाशीच्या आतलीच असेल. भुंड्या कपाळाची, गडद लुगड्याचा पदर दोन्ही दंडांवरून ओढून घेतलेला. तिची ओळख कुणी करून दिली नाही. तीच पाणी घेऊन आली, "हातपाय धुवा" म्हणाली आणि आत गेली.

जेवण काय सांगू! वांग्याचं भरीत, येसराची झणझणीत आमटी, कारळाची चटणी, ज्वारीच्या गरम भाकऱ्या. आमटी अशी की नाकातून, डोळ्यांतून पाणी आणि तरी वाटी पुढे होतेच. भाकऱ्या मात्र तळहाताएवढ्या लहान, एका कडेला जाड. आमच्याकडे भाकरी ताटातून बाहेर डोकावते. मला कुठे गप्प बसवतंय! म्हटलं, "गयाबाई, तुमच्याकडं भाकऱ्या पोरांच्या भातुकलीतल्या करतात का हो?"

द्वारकाबाई खळखळून हसल्या. "अवो, अक्काच्या भाकऱ्या लय मोठ्या व्हायच्या! औंदाच अशा करायलीय. म्हातारी झाली."

गयाबाई चुलीतली पऱ्हाटी पुढे सारत म्हणाली, "लहान भाकर लौकर भाजती, बाई."

दुसऱ्या दिवशी एक फजिती झाली. पोलक्याच्या आत डाव्या बाजूला मी कापसाची गादी शिवून घालते. ती धुऊन परसातल्या भिंतीवर वाळत टाकली होती. एका शेळीने ती तोंडात धरली आणि निघाली की गल्लीतून मिरवत! मागे सोनी, तिच्या मागे मी. बायका दारात येऊन बघतायत, "काय वो ते? काय नेलं शेळीनं?" लाजून मरावं की हसावं कळेना. शेवटी मी हसले, आणि भर गल्लीत उभी राहून सांगून टाकलं ती काय वस्तू आहे, का लागते, आणि कापल्यावरही मी कशी रोज दोन बादल्या पाणी ओढते. बायका तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "काढलं आन जगली?" म्हटलं, "जगले आणि भांडतेही." त्या हसल्या. सुलभा म्हणाली, दहा सभांचं काम त्या शेळीने केलं.

गादी परत आणली गयाबाईने. फाटली होती. तिने ती धुतली, आतला भिजका कापूस काढून टाकला, घरच्या पिकातला नवा कापूस पिंजून भरला आणि टाके घालून संध्याकाळी माझ्या हातात दिली. टाके वेडेवाकडे होते. मी म्हटलं, "कशाला तसदी घेतलीत?" तर म्हणाली, "मऊ झालीय का बघा." आणि मी ती पोलक्यात सारेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत उभी राहिली. मला वाटलं, खेड्यातली बाई, नवल वाटतंय बिचारीला.

वाण

हळदीकुंकवाला गाव लोटला. द्वारकाबाईंनी दारात रांगोळी काढली, ओसरीवर सतरंज्या घातल्या. कुणी नवं लुगडं, कुणी मोत्यांची नथ, लेकी-सुना, कडेवर पोरं. सोनीने हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, सिस्टरांनी साबणाची वडी आणि ओटीत हरभऱ्याचे घाटे घातले. मग मी उभी राहिले आणि माझं ते दोन वाक्यांचं भाषण केलं.

साबणाचा हात कसा फिरवायचा ते दाखवायला लागले तर एक सून म्हणाली, "बाई, आमी लुगडं नेसूनच न्हातो. सोताचं अंग आमीच कवा बघितलं न्हाई, तर हात कवा लावावा?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी तरी कापायच्या आधी कुठे कधी हात लावला होता!

माजघरात लुगड्याचा आडोसा करून सुलभा एकेकीला तपासत होती. शेजारणीने हात धरून आत ढकलायचं, बाहेर आली की दुसरीने विचारायचं, "दुखलं का गं?" दुपार कलली तरी रांग होती. कुणाला दुधाच्या गाठी, एकीला साधी सरकती गाठ, तिला सिस्टरांनी जिंतूरला बोलावलं. दोघींच्या छातीवर बिब्ब्याचे काळे डाग. दुखलं की बिब्बा तापवून चटका द्यायचा, हा इथला घरोघरचा इलाज. पण जिच्यासाठी आलो होतो ती सापडली नाही.

तिळगुळाची ताटं आतून भरून येत होती. दारातून फक्त हात बाहेर यायचा, ताट सोनीच्या हातात द्यायचा आणि मागे जायचा.

संध्याकाळी सुलभा ओसरीवर मटकन बसली. "सिस्टर, कोणी राहिलं का?"

"न्हाई हो मॅडम. बोलावलेल्या समद्या येऊन गेल्या."

वैदूची गोष्ट सिस्टरांनी रंगनाथरावांच्या कानावर घातली होती; ते बैलांना वैरण टाकून आले. म्हणाले, "म्या सांगितलं न्हवतं का? आमच्या गावात असली बिमारी न्हाई. त्यो वैदू लबाड हाय." मला तेव्हा खरंच वाटलं, लबाड असेल. बरंच वाटलं म्हणा ना. गावात तसली बाई नाही म्हणजे सुटलो! रात्री उशिरा पेरलेल्या रानातला हुरडा भाजला होता तो पोटभर खाल्ला.

निघताना

सकाळी बैलगाडी जुंपत होते. मी चुलीपाशी निरोप घ्यायला गेले. गयाबाई वाटेसाठी भाकऱ्या थापत होती. पहिल्यांदाच मी ती थापताना जवळून बघितली. डाव्या हाताने थापत होती. उजवा पदराखाली मांडीवर ठेवलेला.

तिने वर न बघता विचारलं, "बाई, एक इचारू का? कुंकू न लावता बी तपासत्यात का?"

मी तिच्या भुंड्या कपाळाकडे बघत राहिले. तीन दिवस या बाईच्या हातचं खाल्लं होतं. हळदीकुंकवाला विधवा येत नाही, तिला कुणी बोलावतही नाही, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? तिघी शिकलेल्या, तिघी बायका! मी स्वतःच टाळी दिली होती. कुंकवाची कोयरी दारात ठेवून आम्ही हिला दाराबाहेर ठेवलं, तेही हिच्याच घरात. हिलाच कशाला? मुसलमान मोहल्ल्यातली एक बाई आली नव्हती, बौद्धवाड्यातली नव्हती. "बोलावलेल्या समद्या" म्हणजे कोण, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "तपासतात, गयाबाई. कुंकवाचा काय संबंध?"

"मग तुमचं दावा आधी."

मी दार लोटलं आणि पोलकं सोडलं. तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या व्रणावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"लय दुखलं का?"

"लय दुखलं."

"पण ऱ्हायलं न्हाई ना मागं काई?"

"नाही राहिलं."

मग तिने पदर बाजूला केला. मी बघितलं, आणि सुलभाला हाक मारली. लेपाच्या खपल्या, त्याखाली बिब्ब्याचे चटके, आणि मध्ये कातडी फुटलेली. उजवा दंड सुजून दुप्पट झालेला. म्हणून लहान भाकऱ्या. म्हणून वेडेवाकडे टाके.

सुलभाने तपासलं. फार वेळ लावला नाही. हात धुताना तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

द्वारकाबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. "अक्का, एका चुलीपुढं बसतो गं आपण. मला बी सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय करावं? सोनीची सोयरीक जुळायलीय. ह्या घरात असली बिमारी हाय म्हणल्यावर कोण पोरगी करील?" गयाबाई अगदी शांतपणे बोलत होती. "काल वाटलं, यावं भाईर. पर समद्या सवाष्णी. पोरीच्या हातात कुंकवाची कोयरी. म्या कसं मधी जावं?"

सुलभाने रंगनाथरावांना सांगितलं, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आजच, आमच्याबरोबर. रंगनाथराव वाईट माणूस नाही. त्याचे डोळे भरले होते. पण तोंडातून निघालं ते असं, "ज्वारी काढणीला आली, मॅडम. मजुरांच्या भाकऱ्या कोण करावं? सुगी झाली की म्या सोता घेऊन येतो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, सुगी थांबेल का ही थांबेल?" मी आणखीही बरंच बोलणार होते, पण द्वारकाबाई उठल्या. एवढी हसरी बाई, नवऱ्यापुढे अशी उभी राहिली की बैल जुंपणारा गडीही बघत राहिला. "भाकऱ्या म्या थापीन. सोनी थापील. तिची सोयरीक मोडली तर मोडू द्या. अक्का जाईल."

बैल जुंपणारा हाच तो म्हातारा गडी. म्हशीचा लेप आणणारा. त्याने गाडीत कडबा पसरला आणि त्यावर घोंगडी घातली.

औरंगाबाद

वाटेतलं काही लिहीत नाही. एस.टी.त गयाबाईने खिडकीची जागा मागितली आणि कुठली रानं कापायला झालीत ते मला सांगत राहिली. आपण थापलेल्या भाकऱ्या तिने आम्हालाच खाऊ घातल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि सांगितलं, कापून उपयोग नाही. किरणांचा शेक देता येईल, दुखणं थोडं कमी करता येईल. सुलभाने ते गयाबाईला न लपवता सांगितलं. गयाबाई खाटेवर बसली होती. तिने माझ्या डाव्या बाजूकडे बघितलं.

"म्हंजे तुमच्यावानी न्हाई व्हनार."

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. "नाही," मी म्हटलं. आणि मग मीच रडायला लागले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लाज वाटली मला. कुणी कुणाला धीर द्यायचा!

मग म्हणाली, "पर मला आदी ठावं असतं, तर म्या आली असती बाई. लेप लावत बसली नसती. सांगा बायकांला." तिने पदर सारखा केला. "वाण न देता सांगा."

पुढच्या दोन गावांत आम्ही हळदीकुंकू केलं नाही. मंदा सिस्टरांनी कोतवालाला दवंडी द्यायला लावली आणि काय ओरडायचं ते स्वतः पढवलं: कुंकू असंल तिनं यावं, नसंल तिनं आदी यावं, समद्या वस्त्यांतल्या बायकांनी यावं. एका गावात लोक नाराज झाले. होऊ देत. तिथे पहिल्या चार बायका आल्या त्या चारही विधवा होत्या.

सांगली

ज्वारी पुन्हा पोटऱ्यात आली तेव्हा गयाबाई गेली. सिस्टरांचं पत्र आलं. सोनीची सोयरीक मोडली नाही; लग्न वैशाखात झालं, आणि गयाबाई मागे उभी राहून का होईना, अक्षता टाकायला होती. शेवटी शेवटी द्वारकाबाई तिला न्हाऊ घालत, पत्रात लिहिलं होतं.

यंदाच्या संक्रांतीत इथल्या आमच्या महिला मंडळाने माझं भाषण ठेवलं. बंगला मोठा, बायका नटलेल्या, दारात अत्तर-गुलाबपाणी, वाणाला स्टीलच्या वाट्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवायला निघाल्या. आम्ही शहरातल्या हो, सुधारलेल्या. मी ओसरीभर नजर टाकली. एकही भुंडं कपाळ नव्हतं.

"एक मिनिट," म्हणून मी हात सोडवून घेतला आणि सरळ आत स्वयंपाकघरात गेले. तिथे अध्यक्षीणबाईंच्या सासूबाई, भुंड्या कपाळाच्या, पाटावर बसून तिळाच्या वड्या पाडत होत्या. मला बघून गडबडल्या.

"अहो, हळदीकुंकू बाहेर आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे जमिनीवर मांडी घातली. "मी तुमच्याकडेच आलेय."